रिपोर्टला उशीर म्हणजे कॅन्सरच?

"मॅडम, इतके दिवस लागले म्हणजे कॅन्सरच ना? खरं काय ते सांगून टाका."

आईचा रिपोर्ट न्यायला आमच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये आलेला मुलगा. हातातल्या फाइलचा कोपरा त्याने मुरगळून पार चोळामोळा केला होता.

उशीर झाला तो गाठ साधीच आहे याची खात्री करण्यात, हे त्याला कसं पटावं?

कोलोनोस्कोपीत, म्हणजे दुर्बिणीच्या तपासणीत, मोठ्या आतड्यातून काढलेला पॉलिप, आतल्या बाजूला वाढलेली गाठ. वरून जखम झालेला, बघून कुणालाही धास्ती वाटावी असा. स्लाइडवर मात्र लांबट, निमुळत्या पेशी बारीक रक्तवाहिन्यांभोवती कांद्याच्या पापुद्र्यांसारख्या गोल रचलेल्या, आणि मधूनमधून लाल दाण्यांच्या इओसिनोफिल नावाच्या पांढऱ्या रक्तपेशी. इतकं देखणं चित्र रोज दिसत नाही!

हा इन्फ्लमेटरी फायब्रॉइड पॉलिप, कॅन्सर नसलेली गाठ. १९४९ मध्ये वानेक यांनी जठरातल्या अशा गाठींचं वर्णन केलं होतं. जठरात किंवा लहान आतड्यात सापडतो, मोठ्या आतड्यात क्वचितच. त्यात सीडी३४ हे पेशी ओळखायचं मार्कर पॉझिटिव्ह आलं, पण ते जिस्ट नावाच्या, कॅन्सरसारखा वागू शकणाऱ्या ट्यूमरमध्येही येतं. म्हणून जिस्ट ओळखायची सीडी११७ आणि डॉग१ ही मार्कर लावावीच लागली. दोन्ही निगेटिव्ह, म्हणजे जिस्ट नाही. मग कुठे सही केली.

"साधी गाठ आहे, पूर्ण निघाली आहे, केमो वगैरे काही नाही," म्हटलं तर तो नुसता बघतच राहिला. मग म्हणाला, "मग आधी कुणी बोललं का नाही?"

दिवसभर तेच डोक्यात आहे. जास्तीच्या तपासण्या लावल्या की घरच्यांना एक फोन जायलाच हवा. तुमच्याकडे तो कोण करतं?