वॉशिंग्टन व्हाइट हाउसमध्ये कोणत्या खोलीत राहत?

उन्हाळ्यात भारतातून पाहुणे आले की त्यांना एक दिवस फिलाडेल्फियाला न्यायचे, हा आमच्या न्यू जर्सीतल्या घराचा शिरस्ता झाला आहे. यंदा पुण्याहून काका आणि मावशी आले होते. काका इतिहासाचे चोखंदळ वाचक. त्यामुळे गाडीत बसल्यापासून त्यांचे प्रश्न सुरू झाले. त्यांतला पहिलाच प्रश्न, अमेरिकेचे पहिले राष्ट्राध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन व्हाइट हाउसमध्ये नेमक्या कोणत्या खोलीत राहत, हा होता. हा प्रश्न मला इतक्या जणांनी विचारला आहे की त्याचे उत्तर एकदा नीट लिहून काढावे असे वाटले.

ते तिथे कधीच राहिले नाहीत. व्हाइट हाउसची जागा त्यांच्या देखरेखीखाली निवडली गेली, 1792 मध्ये पायाही घातला गेला. पण 14 डिसेंबर 1799 रोजी त्यांचे निधन झाले आणि त्या वास्तूत पहिल्यांदा राहायला गेले ते दुसरे राष्ट्राध्यक्ष जॉन ॲडम्स, नोव्हेंबर 1800 मध्ये. तेव्हाही काम अर्धवटच होते, आणि त्यांच्या पत्नी ॲबिगेल ॲडम्स यांनी पुढे समारंभांसाठी प्रसिद्ध झालेल्या मोठ्या दालनात धुतलेले कपडे वाळत घातले होते. वॉशिंग्टन यांचा शपथविधी 30 एप्रिल 1789 रोजी न्यूयॉर्कमध्ये झाला, कारण राजधानी तेव्हा तिथे होती. पुढच्या वर्षी ती फिलाडेल्फियाला आली आणि दहा वर्षे तिथेच राहिली.

मग काकांनी ठेवणीतला प्रश्न काढला: वॉशिंग्टन हे पहिले राष्ट्राध्यक्षच नव्हेत, जॉन हॅन्सन होते, असे त्यांनी कुठेतरी वाचले होते. ही गोष्ट वरचेवर फिरत असते आणि तिच्यात सत्याचा एक कण आहे. राज्यघटनेच्या आधी तेरा राज्यांचा कारभार ज्या काँग्रेसकडे होता तिला अध्यक्ष असे, आणि 1781 मध्ये हॅन्सन यांची त्या जागी निवड झाली. परंतु त्यांच्याकडे ना सैन्याची सूत्रे होती, ना कायद्यावर नकाराधिकार. सभेचे काम चालवणे आणि पत्रव्यवहार पाहणे एवढेच त्यांचे काम. शिवाय ते त्या खुर्चीवरचे पहिले गृहस्थही नव्हते. इथे मराठी आपल्याला इंग्रजीपेक्षा अधिक मदत करते, असे मला वाटते: हॅन्सन हे अध्यक्ष होते, वॉशिंग्टन राष्ट्राध्यक्ष झाले. इंग्रजीत दोघांनाही एकच शब्द असल्यामुळे हा घोळ सुटता सुटत नाही.

त्या शब्दाचा साधेपणा तेव्हाच्या काहींना खुपतही होता. 1789 च्या वसंतात नव्या सिनेटने वॉशिंग्टन यांना कसे संबोधावे यावर कित्येक दिवस खल केला. सिनेटच्या समितीने सुचवलेल्या बिरुदाचा मराठी अवतार साधारण ‘अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांचे राष्ट्राध्यक्ष आणि त्यांच्या स्वातंत्र्याचे संरक्षक, श्रीमंत महाराज’ असा काहीसा होईल. भपकेबाज पदवीसाठी सर्वांत आग्रही होते ते उपराष्ट्राध्यक्ष ॲडम्स, आणि त्यांच्या स्थूल अंगकाठीवरून एका सिनेटरने त्यांनाच ‘गोलमटोल महाराज’ या अर्थाची पदवी बहाल केली. प्रतिनिधीगृहाने मात्र साधे ‘राष्ट्राध्यक्ष’च धरून ठेवले आणि तेच टिकले.

चार जुलैचा, म्हणजे अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनाचा, प्रश्नही ठरलेला. त्या दिवशी सगळ्यांनी स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सह्या केल्या, असे चित्र बहुतेकांच्या डोळ्यांपुढे असते. प्रत्यक्षात स्वातंत्र्याचा ठराव 2 जुलै 1776 रोजी मंजूर झाला, 4 तारखेला जाहीरनाम्याचा मसुदा संमत झाला आणि बहुतेक सह्या 2 ऑगस्टला झाल्या. यापुढे 2 जुलै हाच दिवस साजरा होत राहील, असे ॲडम्स यांनी पत्नीला लिहिले होते. त्यांचा अंदाज दोन दिवसांनी चुकला आणि पुढे जाहीरनाम्याच्या पन्नासाव्या वर्षी, 4 जुलै 1826 रोजी, ॲडम्स आणि जाहीरनाम्याचा मसुदा लिहिणारे थॉमस जेफरसन दोघेही वारले.

ब्रिटिशांच्या कराच्या निषेधार्थ वसाहतवाल्यांनी बॉस्टनच्या बंदरात फेकलेला चहा आसामचा असणार, हा मावशीचा तर्क. तो चीनचा होता. आसामातला चहा बाजारात यायला अजून साठेक वर्षे होती. 16 डिसेंबर 1773 रोजी 342 पेट्या पाण्यात गेल्या. चहाची मालक कंपनी मात्र आपल्या ओळखीची, तीच ईस्ट इंडिया कंपनी. ‘म्हणजे नारायणरावांचा खून झाला त्याच वर्षी,’ काका म्हणाले. पुढे 1781 मध्ये यॉर्कटाउनला वॉशिंग्टन यांच्यापुढे शरणागती पत्करणाऱ्या ब्रिटिश सेनापती कॉर्नवॉलिसने अकराच वर्षांत, 1792 मध्ये, हरिपंत फडक्यांच्या मराठी फौजेला सोबत घेऊन श्रीरंगपट्टणला वेढा घातला होता, हे मी सांगितल्यावर ते काही वेळ गप्प बसले.

जाहीरनामा जिथे संमत झाला तो इंडिपेन्डन्स हॉल पाहून बाहेर पडल्यावर, लिबर्टी बेल ही ऐतिहासिक घंटा ठेवलेल्या इमारतीला लागूनच, मार्केट स्ट्रीटच्या कोपऱ्यावर वॉशिंग्टन खरोखर ज्या घरात राहत त्याची जागा दाखवता येते. मूळ घर 1832 मध्येच पाडले गेले. आता तिथे भिंतींची नुसती आखणी आहे. त्या घरात वॉशिंग्टन यांनी व्हर्जिनियाहून आणलेले नऊ गुलाम राबत असत. पेनसिल्व्हेनियाच्या 1780 च्या कायद्यानुसार बाहेरून आणलेला गुलाम सलग सहा महिने राज्यात राहिला तर त्याला स्वातंत्र्य मागता येई. म्हणून मुदत भरण्याआधी त्यांना राज्याबाहेर पाठवून परत आणायचे, आणि हे अशा बहाण्याने करायचे की त्यांनाही कळू नये आणि लोकांनाही, असे वॉशिंग्टन यांनी आपल्या चिटणिसाला 1791 मध्ये लेखी कळवले. वॉशिंग्टन यांच्या प्रामाणिकपणाची साक्ष म्हणून जी चेरीच्या झाडाची गोष्ट मुलांना सांगतात, ती त्यांच्या मृत्यूनंतर एका चरित्रकाराने रचलेली आहे. हे पत्र मात्र खरे आहे.

त्याच घरातून मे 1796 मध्ये ओना जज नावाची विशीतली तरुणी, वॉशिंग्टन कुटुंब जेवायला बसलेले असताना, निघून गेली. वॉशिंग्टन यांच्या पत्नी मार्था यांच्या नातीला लग्नात भेट म्हणून आपल्याला दिले जाणार, हे तिला कळले होते. जहाजाने ती न्यू हॅम्पशायरमधल्या पोर्ट्समथला पोहोचली. तिला पकडून देणाऱ्याला दहा डॉलरचे इनाम देण्याची जाहिरात फिलाडेल्फियाच्या वर्तमानपत्रात आली, तिला परत आणण्याचे प्रयत्नही झाले. पण ती हाती लागली नाही.

‘पण वॉशिंग्टननी मृत्युपत्रात गुलामांना मुक्त केले होते ना?’ मावशीने विचारले. केले होते, माउंट व्हर्नन या त्यांच्या व्हर्जिनियातल्या जमीनदारीवरच्या 317 गुलामांपैकी जे 123 त्यांच्या स्वतःच्या मालकीचे होते, तेवढ्यांनाच. ओना मार्था यांच्या पहिल्या पतीच्या इस्टेटीतली होती, आणि त्या इस्टेटीचे वारस कस्टिस घराणे असल्याने तिला मुक्त करण्याचा कायदेशीर अधिकार ना वॉशिंग्टन यांना होता ना मार्था यांना. पळून गेल्याचा पश्चात्ताप होत नाही, असे तिने म्हातारपणी वर्तमानपत्राच्या बातमीदाराला सांगितले. 1848 मध्ये ती वारली, तेव्हाही कायद्याच्या लेखी ती कस्टिस घराण्याची मालमत्ताच होती.