नम्र पाय

मी घरी बसून सबटायटल्स लिहिते. इंग्रजी मालिका, खाली मराठी ओळी. पडद्यावर दोनच ओळी मावतात आणि वाचायला दोन-तीन सेकंद मिळतात, त्यामुळे समजावून सांगायची सोय नाही. हल्ली पहिला खर्डा मशीन करतं, मी तो निस्तरते. गेल्या आठवड्यात त्यात एक ओळ आली, ती मी मोठ्यानं वाचली : "आता त्याला नम्र पाय खावा लागेल."

स्वयंपाकघरातून सासूबाई : "कुणाचा गं?"

मूळ वाक्यात होतं 'ईट हंबल पाय'. ही पाय म्हणजे आत सारण भरून भट्टीत भाजलेला पदार्थ. तोऱ्यात वावरणाऱ्यावर सगळ्यांदेखत चूक कबूल करायची पाळी येणं. गंमत म्हणजे त्यातला 'हंबल' मुळात नम्र नव्हताच. हरणाच्या काळीज-आतड्यांना 'अंबल्स' म्हणत, त्यांची ती पाय. सॅम्युअल पेपिस नावाच्या लंडनकराच्या रोजनिशीत ८ जुलै १६६३ रोजी टर्नरबाई भट्टीतून काढलेली गरमागरम अंबल पाय घेऊन येतात आणि हा गडी ती फारच छान होती म्हणून लिहून ठेवतो. माफीबिफीचा संबंध नाही! उच्चार जुळला, कोटी झाली आणि एकोणिसाव्या शतकात ती पाय मानहानीची झाली.

मला आधी 'शेण खाणं' सुचलं. पण शेण आपण चूक करताना खातो, ही पाय चूक कबूल करताना. शेवटी लिहिलं, "आता येईल नाक घासत." खाणं गेलं, अर्थ राहिला.

तेव्हापासून मी 'ईट' गोळा करतेय. इंग्रज माणूस बरंचसं स्वतःचंच खातो. बोललेले शब्द परत खातो. आपण शब्द गिळतो ते बोलण्याआधीच. एखादी गोष्ट घडणारच नाही याची खात्री असली की तो म्हणतो, घडली तर माझी हॅट खाईन. आपल्याकडे तिथं मिशी उतरवतात, नाहीतर नाव बदलतात. आपलं खाणं बहुतेक दुसऱ्याच्या हातचं : मार, शिव्या, बोलणी, टक्केटोणपे. आणि पैसे, तेही दुसऱ्याचेच. एका ठिकाणी मात्र दोन्ही भाषा एका पंगतीला बसतात. 'व्हॉट्स ईटिंग यू?' याला मी डोळे मिटून 'काय खातंय तुझ्या मनाला?' लिहिलं.

अडलंय ते 'ईट युवर हार्ट आऊट'पाशी. अर्थ, बसा आता जळत. पण बोलणारा आचारी आहे, हातात भरलेली ताटली आहे, म्हणजे ओळीत खाणं हवंच. सासूबाईंनी सुचवलं, "खा म्हणावं मनातले मांडे." अर्थ साफ वेगळा, पण ती ओळ आचाऱ्याच्या चेहऱ्यावर अशी काही शोभते की मी अजून खोडलेली नाही. सोमवारी फाइल द्यायची आहे.