बोराची साल आणि मेलॅनोमाच्या पेशी

बोराचं फळ सगळ्यांच्या ओळखीचं. मी मात्र गेली काही वर्षं बोराच्या खोडाच्या सालीतच अडकले आहे. १९९५ साली शिकागोच्या इलिनॉय विद्यापीठात जॉन पेझुटो यांच्या गटानं याच सालीतून बेट्युलिनिक आम्ल वेगळं काढलं आणि त्यानं मेलॅनोमाच्या, म्हणजे त्वचेच्या अतिशय घातक कॅन्सरच्या, पेशी मरतात हे दाखवलं. उंदरांमधल्या गाठींची वाढही थांबली. त्याला आता तीसेक वर्षं झाली, तरी मेलॅनोमावर त्याचं मान्यताप्राप्त औषध नाही. पेशी मारणं आणि औषध होणं यात केवढं अंतर असतं, ते आमच्या टेबलावर रोज दिसतं.

साल सावलीत वाळवायची, जाडीभरडी कुटायची आणि सॉक्सलेटमध्ये, म्हणजे गरम द्रावक सालीतून पुन्हापुन्हा फिरवणाऱ्या काचेच्या उपकरणात, मिथेनॉलवर लावून ठेवायची. रोटाव्हॅपवर, म्हणजे कमी दाबाखाली द्रावक उडवणाऱ्या यंत्रावर, मिथेनॉल उडालं की तळाशी काकवीसारखा काळपट चिकट अर्क उरतो. तो पाण्यात धड विरघळत नाही, म्हणून डीएमएसओ या द्रावकात विरघळवायचा. पण डीएमएसओ जास्त झालं तर पेशींना तेच बाधतं, त्यामुळे प्रत्येक प्लेटमध्ये नुसत्या डीएमएसओची एक रांग हवीच.

प्लेट ९६ वेल्सची, म्हणजे छोट्या खळग्यांची. त्यात माणसाच्या मेलॅनोमाच्या ए३७५ पेशी. अर्क घालून ४८ तास इन्क्युबेटरमध्ये, मग एमटीटी हे रंगद्रव्य घालायचं. हे पिवळं द्रावण जिवंत पेशी जांभळं करतात. ते जांभळे स्फटिक विरघळवून ५७० नॅनोमीटरवर मोजायचे. रंग जितका गडद, तितक्या जास्त पेशी जिवंत.

वनस्पतींच्या अर्कांची खरी अडचण इथेच आहे. त्यातली पॉलिफेनॉल्स नावाची रसायनं एकही पेशी नसताना एमटीटी जांभळं करू शकतात. म्हणजे पेशी मेलेल्या असतात आणि मशीन म्हणतं, जिवंत आहेत! म्हणून पेशींशिवाय नुसत्या अर्काच्या वेल्स ठेवायच्या. आणि आकडा बघण्याआधी प्लेट सूक्ष्मदर्शकाखाली धरायची, यावर मी नव्या मुलांशी हटून बसते. धडधाकट ए३७५ तळाला चिकटून पसरलेल्या असतात. मरायला लागल्या की आक्रसून गोल होतात, सुटून तरंगायला लागतात. हे डोळ्यांनी दिसलं नाही तर आलेखावर माझा विश्वास बसत नाही.

बरं, मेल्या. पण मारतं तर बिब्ब्याचं तेलही. बिब्बा उतलेली कातडी ज्यानं पाहिली आहे त्याला हे वेगळं सांगायला नको. म्हणून शेजारच्या प्लेटमध्ये हाकॅट, म्हणजे त्वचेच्या कॅन्सर नसलेल्या पेशी. तोच अर्क, तेवढाच डोस. दोन्हीकडे सारखीच पडझड झाली तर हातात औषध नाही, विष आहे. निम्म्या पेशी मारायला मिलिलिटरला दोनशे-तीनशे मायक्रोग्रॅम अर्क लागत असेल, तर तो परिणाम मी धरतच नाही. छापून मात्र असे पुष्कळ येतात, आणि मग ‘अमुक पाल्यानं कॅन्सर बरा’ म्हणून फोनाफोनी फिरतात. याचा मला मनापासून राग येतो.

आपल्या शेराच्या कुळातली युफोर्बिया पेप्लस घ्या. तिचा चीक लोक पूर्वापार चामखिळींवर लावत आले. त्यातल्या इंजेनॉल मेब्युटेटचं जेल २०१२ साली अमेरिकेत मंजूर झालं, उन्हानं होणाऱ्या कॅन्सरपूर्व खरबरीत डागांसाठी. प्रयोगशाळा, प्राणी, माणसं, सगळ्या पायऱ्या चढून. पुढे ते लावलेल्या त्वचेवरच कॅन्सर जास्त आढळू लागले आणि २०२० मध्ये युरोपात त्याची परवानगी गेली. आमची प्लेट तर यातली पहिली पायरी.

तरी अर्क मागायला माणसं येतात. मी देत नाही. आपल्याकडे मेलॅनोमा कमी आढळतो, पण बरेचदा तळपायावर किंवा नखाखाली होतो आणि भोवरी किंवा जुना मार समजून त्यावर महिनोन्‌महिने लेप लागतात. अशा वाढत्या काळ्या डागाचा फोटो कुणी पाठवला की माझं एकच उत्तर असतं: त्यावर काही लावू नका, याच आठवड्यात त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा, आणि त्यांनी बायोप्सी सांगितली तर पुढे ढकलू नका.