नकाशा कुठाय?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. परसातली, जुन्या सामानातून मी बांधलेली ती शेड पाहिली की जो तो हेच विचारतो, "सगळं जुनं सामान, मग नकाशा कसा काढलात?" काढला होता. चांगला सुबक होता. दरवाजा मिळाला त्या दिवशी फाडून टाकला.

पाडलेल्या घरातला तो दरवाजा चौकटीसकट आला, आणि माझ्या कागदावरच्या भिंतीपेक्षा चार बोटं उंच निघाला. खालून कापला असता, पण तिथला सांधा उघडा पडला की दरवाजा खिळखिळा होतो. मग भिंतच वाढवली, आणि भिंतीपायी छपराचा उतारही बदलला. तेव्हापासून हिशेब उलटा: आधी सामान जमवायचं, मोजायचं, मग शेड आखायची.

खरा वेळ खाल्ला खिळ्यांनी. बांधायला चार रविवार, खिळे काढायला सहा! गंजलेला खिळा नुसता ओढला की डोकं तुटतं आणि बाकीचा लाकडात रुतून बसतो. आधी मागून टोक ठोकून डोकं वर आणायचं, मग पहारीखाली लाकडाचा तुकडा ठेवून उपटायचा. तरी एक राहिलाच, करवतीचे दात घेऊन गेला. पुढे प्रत्येक वाशावरून आधी लोहचुंबक फिरवला. वाळवीसाठी स्क्रूड्रायव्हरचं टोक टोचून बघायचं. लोण्यासारखं आत गेलं तर ते लाकूड सरपणात.

पॅलेटच्या, म्हणजे माल रचायच्या लाकडी फळकुटाच्या, फळ्या घेताना शिक्का बघा. 'एचटी' म्हणजे उष्णता देऊन कीड मारलेली, 'एमबी' म्हणजे मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेली. 'एमबी'वाली मी घेत नाही. जुने सिमेंटचे पत्रे तर फुकट मिळाले तरी नकोत. त्यात अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं, आणि कापताना उडणारी धूळ थेट फुप्फुसात.

पन्हळी लोखंडी पत्र्यात मात्र मी स्वतःच फसलो. आयती भोकं आहेत म्हणून त्यातच स्क्रू मारले. पत्रा आधी कुठल्याशा भिंतीला होता, त्यामुळे भोकं खोलगटात. भिंतीला ते चालतं, पण छपरावर पाणी नेमकं तिथूनच वाहतं. पहिल्याच पावसात खुरप्यांवर ठिबक सुरू. शेवटी पत्रा काढून पालथा घातला. खोलगट भाग उंचवटा झाला, भोकं वर आली, रबरी वॉशर घालून तेच स्क्रू परत मारले.

शेड काटकोनात आहे का, हाही प्रश्न येतो. कर्ण मोजले तेव्हा दोन बोटांचा फरक निघाला. दरवाजा मात्र एका बोटाने उघडतो.