चार दिवस गोधडीखाली टाकी

आमच्या डोंबिवलीच्या घरात हॉलच्या खिडकीखाली दोन फुटी टाकी आहे. साधारण 60 लिटर पाणी, त्यात चार गोल्डफिश. (एवढ्या टाकीत दोनच पुरे, हे तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं.) पावसाळा संपला, दुपारचं ऊन थेट काचेवर यायला लागलं आणि आठवडाभरात शेवाळाने पाणी हिरव्या सरबतासारखं झालं. मासा काचेला चिकटला तरच दिसायचा.

मी तडक साफसफाईला लागलो. मासे बादलीत, टाकी रिकामी, खडे घासले, फिल्टरचा स्पंज नळाखाली पिळून पिळून धुतला. रविवारी संध्याकाळी टाकी शोरूमसारखी! बुधवारी पाणी दुधट, मासे वर येऊन तोंडाची उघडझाप करत होते. गुरुवारी एक गेला. माशांच्या घाणीतून अमोनिया तयार होतो आणि त्याचं कमी घातक नायट्रेट करणारे जिवाणू त्या स्पंजात असतात. ते मी नळाच्या क्लोरीनने मारले होते. शेवाळ मात्र दहा दिवसांत परत हजर.

दुकानदार म्हणाला, "सकर टाका, सगळं साफ करतो." नाही टाकला ते बरंच झालं. काचेला चिकटून शेवाळ खाणारा हा मासा फूटभर वाढू शकतो, स्वतःही भरपूर घाण करतो आणि पाणी हिरवं करणारं बारीक शेवाळ तर तो खातच नाही.

मग हिशोब मांडला. टाकीचा दिवा पहाटे सहाला आई उठली की लागायचा, रात्री अकराला मी बंद करायचो. सतरा तास! वर खिडकीतलं ऊन. आणि खाणं? सकाळी पूजा आटोपून आई, दुपारी शाळेतून आलेली लेक, रात्री मी. तिघंही आपापल्या परीने माशांचे लाड करत होतो. उरलेले दाणे कुजले की शेवाळाला आयतं खत.

आधी निम्मं पाणी बदललं, दिवा बंद केला आणि शेवाळाला उजेडच मिळू नये म्हणून टाकीवर जुनी गोधडी घातली. हवेचा पंप चालू, खाणं बंद. "उपाशी मारतोस का रे त्यांना?" आईने विचारलं. धडधाकट मासे चार दिवस सहज काढतात, पण हे तिला पटलं नाही. गोधडीचा कोपरा उचलताना मी तिला दोनदा पकडलं. पाचव्या दिवशी पाण्यापलीकडची भिंत दिसली. मेलेलं शेवाळ कुजून पाणी नासू नये म्हणून लगेच पुन्हा पाणी बदललं.

आता दिव्याला टायमर आहे, संध्याकाळी पाच ते अकरा. खिडकीच्या बाजूच्या काचेला काळा कागद. दिवसाचं खाणं सकाळीच एका छोट्या डबीत काढून ठेवतो. डबी रिकामी दिसली की कुणी हात लावायचा नाही. दर रविवारी खड्यांतली घाण नळीने ओढत पाव टाकी पाणी काढतो, नवं पाणी क्लोरीन काढणारे थेंब घालूनच भरतो आणि स्पंज काढलेल्या जुन्या पाण्यातच हलका पिळतो. मनीप्लांटची मुळं पाण्यात सोडली आहेत, तीही शेवाळाला पोसणारं नायट्रेट शोषतात.

समोरच्या काचेवर अजून हिरवे ठिपके येतात. ते मुदत संपलेल्या एटीएम कार्डाने खरवडतो. मागच्या काचेवरचं तसंच राहू दिलंय. मासे दिवसभर तिथेच तोंड मारत असतात.