व्यापारी संघाचे साम्राज्य रचताना

उत्तर समुद्र आणि बाल्टिक समुद्र यांच्या काठच्या आणि आतल्या भागांतल्याही जर्मन व्यापारी शहरांचा ‘हॅन्सा’ हा संघ पुढे साम्राज्य झाला असता तर काय घडले असते, या कल्पनेवर मी दीर्घकथा लिहायला घेतली, तेव्हा पात्रे आणि प्रसंग लवकर जुळून आले. लेखन अडले ते राज्यकारभारापाशी. अमळनेरला कनिष्ठ महाविद्यालयात वाणिज्य शिकवणाऱ्या माणसाला कारभाराची बाजू ढिली सोडून पुढे जाणे जमत नाही. शेजारी राहणाऱ्या आणि अनेक वर्षे बाजार समितीत अडत केलेल्या काकांनी पहिले प्रकरण ऐकून घेतले आणि एवढेच विचारले, “सर, ते सगळं ठीक शे, पन तुमना राजा कोन शे?”

या प्रश्नाचे खरे उत्तर ‘कोणीच नाही’ असे होते. हॅन्साला राजा नव्हता, खडे सैन्य नव्हते, सामाईक खजिना नव्हता, कागदावर उठवायला स्वतःची मोहरसुद्धा नव्हती. १३५६ साली संघातील प्रमुख शहर ल्युबेक येथे शहरांची पहिली सर्वसाधारण सभा भरली, पण तिथे झालेला ठराव आपल्या शहरात पाळायचा की नाही हे त्या त्या शहराची नगरसभा ठरवत असे आणि पुष्कळ शहरे सभेला प्रतिनिधीच पाठवत नसत. लंडन, ब्रूज, बर्गेन आणि रशियातील नॉवगोरोद येथे संघाच्या मोठ्या वखारी होत्या. ल्युनेबुर्गचे मीठ, स्कोनेच्या (तेव्हा डेन्मार्कच्या ताब्यातील, आज दक्षिण स्वीडनमधील प्रांताच्या) किनाऱ्यावरचे हेरिंग मासे, रशियातील मेण आणि कातडी यांचा व्यापार त्यांच्या हाती होता. एवढी सत्ता असूनही ती गाजवणारा एक माणूस दाखवता येत नव्हता.

पर्यायी इतिहास लिहिणारा बहुधा एखादी लढाई उलटवून मोकळा होतो. मलाही तोच मार्ग जवळचा होता, परंतु हॅन्साच्या बाबतीत तो चालत नाही, कारण महत्त्वाचे युद्ध हॅन्साने प्रत्यक्षातच जिंकलेले आहे. डेन्मार्कचा राजा चौथा व्हाल्देमार याने १३६१ साली बाल्टिकमधील गोटलंड बेटावरचे व्हिस्बी शहर घेतले. पुढच्या वर्षी हेल्सिंगबोर्गपाशी संघाचा पराभव झाला आणि मोहिमेचा प्रमुख, ल्युबेकचा नगराध्यक्ष योहान व्हिटेनबोर्ग, याचा त्याच्याच शहराने १३६३ साली शिरच्छेद केला. (तोट्याचा जाब विचारण्याची ही रीत आमच्या पतसंस्थांच्या सभासदांना कळवू नये हे बरे.) त्यानंतर १३६७ साली शहरांनी कोलोनला एकत्र येऊन युद्धापुरता मालावर कर बसवला, नौदल उभारले आणि १३७० च्या श्ट्रालझुंडच्या तहात स्कोनेमधील स्कानोर, फाल्स्टरबो, माल्मो व हेल्सिंगबोर्ग हे किल्ले पंधरा वर्षांसाठी, तेथील दोन-तृतीयांश उत्पन्नासह मिळवले. डेन्मार्कच्या गादीवर कोण बसणार याविषयी बोलण्याचा अधिकारही त्यांना मिळाला. व्हाल्देमार १३७५ साली वारला, तेव्हा त्यांनी त्याचा लहानगा नातू ओलाफ याला मान्यता दिली आणि ते आपल्या धंद्याकडे वळले. १३८५ साली मुदत संपताच किल्लेही ठरल्याप्रमाणे परत केले.

या १३८५ सालापाशी मी बराच काळ थांबून राहिलो. जिंकलेले किल्ले कोणी परत का करावेत? काकांच्या मते यात नवल काहीच नव्हते. किल्ल्यावर शिबंदी ठेवावी लागते, तिचा पगार भरावा लागतो, आणि ज्याला माल घेऊन माल विकायचा आहे त्याला मार्ग मोकळा मिळाला की पुरते. मग व्यापाऱ्याला राज्य केव्हा परवडते, असे मी विचारले. जमिनीचा सारा हाती आला म्हणजे, असे ते सहज बोलून गेले आणि तिथून माझे लक्ष बाल्टिकवरून आमच्या धरणगावाकडे गेले.

सतराव्या शतकात धरणगावात इंग्रजांच्या ईस्ट इंडिया कंपनीची वखार होती आणि मराठ्यांनी ती लुटली होती. त्या काळी कंपनी कापड विकत घेणारी एक पेढी होती. १७६५ साली बंगालची दिवाणी, म्हणजे महसूल गोळा करण्याचा अधिकार, मिळाल्यावर फौजेचा खर्च रयतेच्या पैशातून निघू लागला. १८१८ साली पेशवाईबरोबर खानदेशही कंपनीकडे गेला, कॅप्टन ब्रिग्ज पहिला कलेक्टर झाला, आणि १८२५ साली औट्रम या इंग्रज अधिकाऱ्याने उभारलेल्या भिल्ल पलटणीचे ठाणे याच धरणगावात आले. १८५२ साली जमिनीच्या मोजणीविरुद्ध सावदा, फैजपूर, एरंडोल या भागांत शेतकरी उठले, तेव्हा त्यांच्यासमोर उभे असलेले सरकार अजूनही त्या कंपनीचेच होते, फक्त तिचा व्यापार १८३३ च्या कायद्याने बंद झाला होता. व्यापारी संघ साम्राज्य कसा होतो याचा नमुना मी ल्युबेकच्या नकाशात शोधत होतो आणि तो माझ्या तालुक्याशेजारी होता.

त्यानंतर कथेतील बदल छोटा करता आला. माझ्या जगात युद्धापुरता बसवलेला कर उठवला जात नाही आणि १३८५ साली ओलाफची आई मार्गारेट राणी हिला किल्ले परत मिळत नाहीत. त्यामुळे डेन्मार्क आणि स्कोने यांच्यामधल्या ओरेसुंडच्या सामुद्रधुनीतून जाणाऱ्या जहाजांवर जो कर प्रत्यक्षात डेन्मार्कच्या राजाने १४२९ पासून घेतला, तो माझ्या कथेत ल्युबेक घेऊ लागते. हा खराखुरा कर १८५७ पर्यंत चालला हे पाहता या उत्पन्नावर साम्राज्य पोसणे अतिशयोक्त ठरत नाही. मात्र एक धागा ओढला की बाकीचे सैल होतात, हेही लगेच जाणवले. समुद्रापासून दूर असलेल्या कोलोनला या उत्पन्नाशी देणेघेणे नाही. प्रत्यक्षात १४७१ साली संघाने कोलोनला बाहेर काढले होते, माझ्या कथेत ते भांडण युद्धापर्यंत जाते. बाल्टिकवरील डान्झिग या संघातल्याच बंदराला आपले धान्य डच जहाजांना विकायचे असते, म्हणून डचांवरील वाढीव कर त्याला नको असतो. शिवाय हेरिंग मासे पुढे स्कोनेच्या किनाऱ्यावर पूर्वीसारखे येईनासे झाले, हे मला पाळणे भाग होते. माशांचे वागणे लेखकाने बदलू नये असे माझे मत आहे.

मासे गेल्यावर किल्ल्यांचा खर्च कोठून काढणार? इथे माझ्या नगरसभेने स्कोनेची जमीन मोजायला साखळ्या घेऊन माणसे पाठवली आणि हे प्रकरण लिहिताना मला काही रचावे लागले नाही. सावद्याच्या शेतकऱ्याला मोजणीदार पाहून जे वाटले असेल ते स्कोनेच्या शेतकऱ्याला वाटते एवढेच. काकांच्या प्रश्नालाही इथेच उत्तर मिळाले, कारण जमीन वर्षानुवर्षे मोजायची आणि सारा ठरवायचा म्हटल्यावर ठरावापुरती जमून घरी परतणारी सभा पुरत नाही. ल्युबेकला कायमचे मंडळ आणि त्याचे पगारी अधिकारी बसवावे लागले. राजा मी अजूनही दिलेला नाही. त्यावर काकांची तक्रार कायम आहे.

सध्या मी नॉवगोरोदपाशी आहे. १४९४ साली मॉस्कोच्या तिसऱ्या इव्हानने तेथील हॅन्साची वखार बंद केली. माझे साम्राज्य बलाढ्य असले तरी त्याचे सगळे बळ सामुद्रधुनीत आणि स्कोनेत गुंतलेले आहे; एका वखारीसाठी इतक्या दूर जमिनीवरून फौज पाठवण्याचा खर्च हिशेबात बसत नाही. त्यामुळे ती वखार माझ्या कथेतही त्याच साली बंद होते.