माझे डोंगर

कालपासून एकच शब्द कानात बसलाय. ‘माझे.’

युवारीला गेलो होतो, मी आणि माझी लेक चिऊ. इथलं, अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिनातलं राष्ट्रीय वन. नवऱ्याचं ऐन वेळी काम निघालं, असो. आमच्या केरी गावाहून दीडेक तास. गाडी लावली आणि झाडांवरच्या पांढऱ्या पट्ट्या बघत पायवाटेला लागलो. हे वन तसं लहानच, ५० हजार एकरांच्या आसपास. डोंगर म्हणाल तर हजार फुटांच्या आतबाहेर. सवयीने बोलून गेले, "आमच्या राजगडापुढे ही टेकाडं गं." मग चोर दरवाजा, पद्मावती माची, ताक विकणारी मावशी, सगळं आलंच. चिऊ निमूट ऐकत होती. मग म्हणाली, "पण आई, माझे डोंगर तुझ्या डोंगरांपेक्षा जुने आहेत ना?"

आहेत. सह्याद्रीचा लाव्हा साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, हे ५० कोटींच्या घरातले. मूळ दोन्हीकडे ज्वालामुखीचंच. ऊनपाऊस खाऊन खाऊन हे एवढे उरलेत. मी हो म्हटलं, पण ते ‘माझे’ लागलं. तिचा जन्म इथला, ती दुसरं काय म्हणणार? मी तिला राजगड दिला तो नुसता बोलून. मागच्या खेपेला नेणारच होते, पण आईचं ते सगळं... जाऊ दे. आणि मी तरी कुठल्या तोंडाने ‘आमचा’ म्हणते? अकरा वर्षं झाली गडावर पाय ठेवून.

ओढ्याकाठी तिला एक कपची सापडली. करडी, नखाएवढी पातळ, कडेवरून अंगठा फिरवला तर कापेल अशी. रायोलाइट, ज्वालामुखीचाच दगड. इथले मूळ रहिवासी हजारो वर्षं याच दगडाची भाल्यांची, बाणांची टोकं घडवत. ही त्यातलीच एखादी उडालेली असेल का? मी म्हटलं, घरी नेऊ, देवघराशेजारी ठेवू.

"नाही आई. इथली वस्तू न्यायची नसते."

तिने ती जिथली तिथे, धार खाली करून मातीत दाबली. कुणाच्या पायाला लागू नये म्हणून. तांबडी माती, थेट महाबळेश्वरची. तिच्या नखांत भरली होती. मी बघत राहिले. एवढं जपणारीने माझे म्हणावं, नाहीतर कुणी म्हणावं?

परतताना मी गडाचं काही काढलं नाही. गाडीत तिनेच विचारलं, "तो चोर दरवाजा किती छोटा आहे? मी मावेन?"

"मावशील. जरा वाकावं लागतं."

"तुला पण?"

"मला पण."